फ्यूजच्या जागी तार

मला हिवाळा आवडत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. थंडीत बोटं आखडतात, वाइंडिंगची बारीक तार हातात नीट बसत नाही, वार्निश वाळायला जास्त वेळ लागतो, ही माझी ठरलेली कारणं. भिवंडीत असा कितीसा हिवाळा पडतो, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही. खरं एवढंच आहे, की भातं कापून झाली, झोडणी उरकली आणि सकाळी पेंढ्याचा तो कोरडा, गोडसर वास रस्त्यावर आला, की मी रिक्षात मान खाली घालून बसते. वर आकाश स्वच्छ असतं. त्यात काहीच नसतं आणि तेच मला बघवत नाही.

एका हिवाळ्यात त्यात विमान होतं. पिवळं, दोन माणसांचं, लहान. वळ गावच्या हिरामणकाकांचं. दोन हजार साल उलटून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. वळमध्ये गोदामं आली होती, पण अजून ती शेतांच्या मधे मधे होती. आता शेतं गोदामांच्या मधे मधे आहेत. त्या विमानाची वीज माझ्याकडे होती. बॅटरी, वायरिंग, स्टार्टर, फ्यूज, सगळं मी बघायचे. हे मी कोणाला सांगितलं तर लोक हसतात, म्हणून सांगत नाही. सांगत नाही याला आणखीही एक कारण आहे, आणि ते हसण्यासारखं नाही.

आमचं दुकान मोटर वाइंडिंगचं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते थाटलं. लूमच्या जळलेल्या मोटरी यायच्या, काळी पडलेली तार उसकून काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हे काम. अण्णांचा उजवा हात आजारपणात लुळा पडला आणि दुकान माझ्यावर आलं. मी तिशीतली होते. पायरीवर मोटर ठेवून माणसं विचारायची, "मिस्त्री किधर है?" मी म्हणायचे, "मीच." मग ती माझ्या खांद्यावरून आत बघायची आणि विचारायची, "नाही, मोठे मिस्त्री?" मोठे मिस्त्री आत खाटेवर पडून हसत असायचे. पोरीच्या हातची मोटर किती टिकते, हे अख्खं मार्केट वर्षभर डोळ्यांत तेल घालून बघत होतं. एक मोटर जरी लवकर जळली असती, तरी दुकानाला कुलूप लागलं असतं.

हिरामणकाका पहिल्यांदा आले ते तांदळाच्या गोणत्यात काहीतरी जड गुंडाळून. पन्नाशी ओलांडलेले, सुकटीसारखे वाळलेले, पण ताठ. विमानदलात पंधरा वर्षं इलेक्ट्रिशियन होते. वडील गेले तेव्हा नोकरी सोडून शेतीला आले. गोणतं उघडलं तर आत एक छोटा स्टार्टर.

"कशाचा आहे?"

"तू भर. मग सांगतो."

मी भरला. तीन दिवसांनी ते आले, चष्मा लावला, माझ्या कामातलं एकेक टोक बोटानं दाबून बघितलं. मी मनात म्हटलं, झालं, आता हेही मोठे मिस्त्री विचारणार. ते म्हणाले, "बाय, इमान बघाला चल."

विमान त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबातून मोडक्या अवस्थेत घेतलं होतं. ट्रकमधून सुटं सुटं आलं, पंख गोणपाटात बांधून. गोमतीकाकू, म्हणजे त्यांची बायको, ती गोष्ट सांगायची तेव्हा कपाळावर हात मारून घ्यायची. "मी बोलले, बैल म्हातारा झालाय, नवा घेवून या. तं यो घेवून आले. चारा खात न्हाय, एवढाच काय तो गुण."

पंखांवर कापड ताणून बसवलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. भिवंडीचीच माणसं ती. लूमवाले खास बघायला यायचे आणि इंजिनाकडे ढुंकूनही न बघता पंखाचं कापड चिमटीत धरून सुताच्या बारीकपणावरून एकमेकांना विचारायचे, "कितने काउंट का होगा?" एकानं तर काकांना सांगितलं, फाटलं तर सांगा, याच्यापेक्षा चांगलं काढून देतो. काका प्रत्येकाला चिमटी धरू द्यायचे आणि तो गेला की ओल्या फडक्यानं पंख पुसायचे.

उडवायची परवानगी मिळवायला दोन वर्षं गेली. काका किती कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून आले त्याला गणती नाही. शेवटी मिळाली ती एका हिवाळ्यापुरती. सकाळचा ठरावीक वेळ, खाडीपासून डोंगरापर्यंतच, ठरवून दिलेल्या उंचीखाली, आणि रेडिओ सतत चालू हवा. हिवाळा बिनबोभाट पार पडला तर पुढे कायमची देऊ, असं सांगितलं होतं. त्या एका हिवाळ्यावर काकांचं सगळं टांगलेलं होतं. शेजारची शेतं गोदामांना गेली होती, काकांच्या मागेही माणसं लागली होती, आणि काका प्रत्येकाला एकच सांगत होते, "ह्यो हिवाला जाव दे." शेतातले दोन बांध मोडून, धसकटं उपटून, रोलर फिरवून त्यांनी धावपट्टी केली होती. ती जमीन सकाळी दवानं ओली असायची आणि तिच्यावरून चालताना चपलेला माती चिकटायची नाही इतकी घट्ट होती.

माझी सकाळ तेव्हा सहाला सुरू व्हायची. शेलार गावापर्यंत रिक्षा, तिथून पुढे मिळेल ते, आणि मग शेवटचा तुकडा शेतातून चालत. गारठ्यात कुठेतरी तांदळाच्या भाकरीचा वास. काकू चुलीशी. पेंढ्याच्या उडव्यांवर बगळे. लांबून लूमची खटखट, ती तर भिवंडीत कधी थांबतच नाही. थांबली तर समजायचं, लाइट गेली.

लाइट जायची. रोजच. लोडशेडिंगचं वेळापत्रक आमच्याकडे लग्नाच्या मुहूर्तासारखं पाठ असायचं. लाइट गेली की सगळं गेलं: लूम, पंखा, पाण्याचा पंप, माझं कॉइल भरायचं यंत्र. त्यामुळे विमान वर असताना लाइट गेली तर काय, हा प्रश्न मला पहिल्या दिवशीच पडला होता. मी विचारलाही. काका म्हणाले, "दाखवतो एकदा."

डिसेंबरातल्या एका सकाळी त्यांनी मला वर नेलं. मी देवाचं नाव घेत शेजारच्या सीटवर बसले होते. डोळे मिटले होते, ते उघडले तेव्हा खाली भिवंडी होती. सिमेंटच्या पत्र्यांची छपरं, छपरांना चिकटून छपरं, गच्च्यांवर वाळत घातलेलं कोरं कापड, वीटभट्ट्यांचा धूर, पलीकडे खाडीचं मळकट पाणी. जन्मापासून मी भिवंडी ऐकत आले होते, त्या दिवशी पहिल्यांदा ती आवाजाशिवाय बघितली. इतकी गप्प आणि इतकी दाटीची. मला एकदम तिची माया आली.

तेवढ्यात काका ओरडले, "आता बग हां," आणि त्यांनी समोरचा लाल खटका खाली पाडला. मेन स्विचच तो, त्याला ते मास्टर म्हणायचे. रेडिओची खरखर गेली. इंधन, तापमान दाखवणाऱ्या घड्याळांचे काटे मेले. मी किंचाळले आणि त्यांचा दंड घट्ट धरला. पुढचा पंखा फिरतच होता.

"इंजिनाची ठिणगी त्याची तो बनवतो," ते हसत हसत सांगत होते. "मॅग्नेटो. बॅटरीला इचारीत न्हाय. अख्खी लाइट गेली तरी मानूस घरी येतो. पन एक ध्यानात ठेव. लाइट जाण्यानं कोन मरत न्हाय. वायर जळली तं मरतो. वर हाय कुठं पळाला जागा?"

मी मान हलवली. त्या वेळी मला खरंच कळलं होतं, हे मी आज शपथेवर सांगते. कळणं आणि हाताला वळण लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुट्या सामानाच्या डब्यावरून आमची रोज भांडणं व्हायची. काकूचा एक चपटा स्टीलचा डबा त्यासाठी मागून घेतला होता. मी दुकानदारीण. माझा जीव सामानात. मी त्यात सगळं भरायचे: काचेचे फ्यूज, प्लग, पक्कड, वायरचे तुकडे, टेप, स्टार्टरचे ब्रश, वर एक जास्तीचा खटका. काका डबा काकूच्या सुक्या मासळीच्या तराजूत टाकायचे. दीड किलोच्या वर काटा गेला की एकेक वस्तू बाहेर.

"स्टार्टरचे ब्रश कशाला? वर इंजिन बंद करून परत चालू करनार हाय का मी?"

"अडलं तर असावं म्हणून, काका."

"अडेल त्याचा इचार कर. जे माज्या हातानं, ह्या एका पकडीनं, दुसऱ्याच्या शेतात उभं ऱ्हावून बसवता येल, तेच सामान. बाकी वझं."

काकू चुलीवरून म्हणायची, "तुमालाच उतरवा, तुमी सगल्यात जड." आम्ही तिघंही हसायचो. मग भाकरी, सुकटीची चटणी, कोरा चहा. त्या चुलीपुढे बसून मी जितकी सुखी होते तितकी मी नंतर कधी झाले नाही, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही.

गावात कोणी विचारलं, की काका छाती फुगवून सांगायचे, "डबा सुनंदाचा. मी उघडून बगीत पन न्हाय. ती बोलली भरलाय, म्हंजे भरलाय." पायरीवर उभं राहून मोठे मिस्त्री कुठे आहेत विचारणाऱ्या गावात एक माणूस असं बोलत होता. मला तेव्हा वाटायचं, या माणसासमोर आपली कधी चूक होता कामा नये. तसं वाटलं नसतं तर बरं झालं असतं.

आता फ्यूजबद्दल. आमच्या गावात फ्यूज उडणं हा अपमान समजतात. शिफ्ट चालू आहे, चोवीस लूम उभे राहिलेत, कारागीर बाहेर जाऊन विड्या ओढतायत, मालकाचा जीव वरखाली होतोय. अशा वेळी फ्यूज का उडाला, हे विचारायला कोणाला फुरसत? चिनीमातीच्या त्या खोबणीत दोन पदरी तार घाला. परत उडाला, तीन पदरी घाला. आमचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, लूमवाले शेठ, ते मला बजावून सांगायचे, "ऐसी तार डालो मॅडम, के मोटर जल जाए मगर फ्यूज ना उडे." मोटर मग जळायचीच, आणि वाइंडिंगला माझ्याकडे यायची. अख्ख्या गावाच्या जाड तारांवर आमची चूल पेटत होती. लहानपणापासून मी हेच बघत आले. अण्णा करायचे, मी करायचे. घरचा फ्यूज उडाला की आई स्वतः स्टुलावर चढून जाड तार पिळून यायची.

काका म्हणायचे, फ्यूज म्हणजे घरातलं ते माणूस, जे पहिल्यांदा बोंब मारतं. सगळे त्यालाच गप्प करतात.

जानेवारीत विमानाचा फ्यूज बोंब मारायला लागला. रेडिओ आणि दोन घड्याळं ज्या एका फ्यूजवर होती, तो उडायचा. जमिनीवर सगळं ठीक. वर गेलं, इंजिनाची थरथर दहा मिनिटं सुरू राहिली, की पट्. काका उतरायचे, डब्यातला नवा घालायचे. एकदा झालं, दोनदा झालं. काका म्हणाले, "डॅशबोर्डच्या पाठी कुठं तरी वायर घासते. खोलावं लागंल. अख्खा दीस पायजे." ठरलं, की आठवडा संपला की खोलायचं. तोवर जपून, खाडीपर्यंत जाऊन परत यायचं. डब्यातले फ्यूज संपले होते. मला सांगितलं, "येताना आन."

मी विसरले. यात गूढ असं काहीच नाही. त्या आठवड्यात लोडशेडिंगची वेळ बदलली, लाइट येताना झटका बसून मोटरी पटापट जळल्या, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बाजार दोन गल्ल्यांवर, फ्यूजची डबी मुठीत मावेल एवढी, आणि मी विसरले. सकाळी शेतातून चालताना, बगळे बघताना, मला ते आठवलं.

काका गमछा बांधून तयार. सकाळची वेळ पुढे सरकत होती. दोन पाव्हणे गावातून बघायला आलेले.

"फ्यूज आनलंस?"

"हो."

एवढंच. "विसरले" म्हटलं असतं तर ते काय बोलले असते? "बरं, आज न्हाय उडत," म्हणाले असते, काकूनं चहा टाकला असता. पण पाव्हण्यांकडे वळून ते आधीच सांगत होते, "डबा तिचा, मी उघडीत न्हाय," आणि मी आत वाकले, उडालेला फ्यूज काढला आणि माझ्या पिशवीतली मोटरीची तांब्याची तार त्या काचेच्या नळीवर वरून पिळली. दोन पदरी. माझ्या बोटांनी ते मला न विचारता केलं. बोटांना दोष देतेय खरी, पण बोटं माझीच होती.

विमान उठलं. पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हिशेबानं मनाची समजूत घालत होते, की आजवर किती फ्यूजमध्ये तार घातली, कुठे काय झालं? खाडीच्या बाजूला ते ठिपक्याएवढं झालं आणि अचानक वळलं. नेहमीपेक्षा खूप लवकर. वळून सरळ यायच्या ऐवजी खाली खाली येत राहिलं. इंजिनाचा आवाज नीट होता. मग मला खिडकीतून निघणारी निळसर रेघ दिसली.

मी वाळूची बादली घेऊन धावले. कुठे धावतेय ते माहीत नव्हतं. विमान पट्टीवर आडवं टेकलं, उसळलं, उरलेल्या बांधापाशी जाऊन थांबलं. दार उघडलं आणि धुराबरोबर काका बाहेर आले, खोकत, गमछा हाताला गुंडाळलेला. मास्टर पाडून त्यांनी जळती वायर हातानंच ओढून काढली होती आणि गमछ्यानं दाबली होती. उजव्या हाताची दोन बोटं भाजली होती. काकू चुलीवरून तशीच पीठभरल्या हातानं धावत आली होती.

ते श्वास घेत बांधावर बसले. मग उठले, परत आत वाकले आणि डाव्या हातानं तो फ्यूज काढला. काच फुटलेली, पण माझी तार शाबूत. तिला काही झालं नव्हतं. ते तिच्याकडे बघत राहिले. मोटरीची तार त्यांना ओळखता येणार नाही, असं कसं होईल? त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर मी पाय धरले असते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, ते माझ्याकडे नुसते बघत होते. मग त्यांनी फ्यूज शर्टाच्या खिशात टाकला आणि काकूला म्हणाले, "पानी दे."

आठवड्याभरात परवानगीच्या कचेरीतले साहेब आले चौकशीला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. काकांनी फ्यूज त्यांच्या हातावर ठेवला. मी तिथेच होते, दोन हातांवर.

"ये तार किसने डाली?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण काका आधी बोलले.

"मैंने."

"आप तो एअरफोर्स में इलेक्ट्रिशियन थे!"

"इसीलिए साहब. लगा, हमको तो सब आता है."

साहेब मान हलवत लिहून घेत राहिले. माझं तोंड मिटलं, आणि ते मिटलं ते मिटलंच.

परवानगी गेली. परत अर्ज करण्यात अर्थ नव्हता, कागदावर जे लिहिलं गेलं होतं ते पुसणार कोण? विमान पुन्हा सुटं सुटं होऊन ट्रकवर चढलं. त्या वेळी काका घरात नव्हते, मुद्दाम. पावसाळ्यात त्या शेतात भात लावला नाही. पुढच्या हिवाळ्यात तिथे गोदामासाठी मुरूम पडला.

वळमध्ये मात्र एक म्हण जन्माला आली. कोणी काही जुगाड केलं, गळक्या नळाला सुतळी बांधली, चपलेला खिळा ठोकला, की माणसं म्हणायची, "ह्यो बग हिरामनचा फ्यूज!" विमानदलात पंधरा वर्षं काढून आलेला माणूस, आणि फ्यूजमध्ये तार घालून स्वतःचं विमान जाळलं. यापेक्षा चांगला विनोद गावाला कुठे मिळणार? काकांच्या समोर सांगायचे. काकाही हसायचे.

माझं दुकान चाललं. चाललं म्हणजे चांगलं चाललं. हळूहळू पायरीवरची माणसं मोठे मिस्त्री विचारायची बंद झाली. मला माहीत होतं, त्या दिवशी माझं नाव साहेबांच्या कागदावर गेलं असतं, तर "बाईनं विमान जाळलं" ही बातमी भिवंडीत माझ्या आधी घरी पोचली असती, आणि अण्णांच्या दुकानात आज कोणी बिस्किटं विकत असतं. काकांनी मला वाचवलं होतं. मी स्वतःला सांगितलं, की मग गप्प राहणं हीच त्यांची इच्छा असणार. आपण बोललो तर त्यांच्या केल्यासवरल्यावर पाणी पडेल. किती सोयीचा विचार होता तो! वीस वर्षं मी तो वापरला आणि तो कधी उडाला नाही.

काका दुकानावर यायचे. पंपाची मोटर घेऊन, नाहीतर काहीच न घेता. स्टुलावर बसायचे, चहा घ्यायचे, मी काय करतेय ते बघायचे. भाजलेली दोन बोटं नीट वाकत नसत, कप डाव्या हातात धरायचे. आम्ही पावसावर बोलायचो, गोदामांवर, काकूच्या गुडघ्यांवर. विमानाचा विषय मी निघू दिला नाही. निघतोय असं वाटलं, की मला नेमकी एखादी मोटर तपासायची असायची.

या वर्षी भातकापणी चालू असतानाच काका गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही, सगळे म्हणाले तसं मीही म्हटलं. मी तेराव्याला गेले. घर आता दुमजली आहे, मागे त्या शेताच्या जागी गोदामाची निळी भिंत. अंगणात मांडव, पंगती. माणूस म्हातारं होऊन गेलं, की तेराव्याला रडणं कमी आणि आठवणी जास्त असतात. तशा निघाल्या. पुरुषांच्या पंगतीत कोणीतरी तो किस्सा सुरू केला, अगदी प्रेमानं. विमान कसं आलं, काकू बैलावरून काय बोलली, आणि शेवटी तो फ्यूज. एक तरुण नातेवाईक, काकांना नीट ओळखतही नसेल, हसत म्हणाला, "काय पन मानूस! एवढा शिकलेला आनि फ्यूजमधी तार!"

पंगत हसली. मी बायकांच्या पंगतीत होते. पानात वाल वाढले होते. आणि माझ्यानं ते ऐकवेना. मृत माणसाला काय कमीपणा येणार, असंही मनात आलं, तरीही ऐकवेना. मी उठून उभी राहिले. पन्नाशीची बाई, हाताला वालाचं वरण लागलेलं.

"ती तार मी घातली होती," मी म्हणाले. "हिरामणकाकांनी नाही. फ्यूज आणायला मी विसरले आणि खोटं बोलले. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी माझं नाव सांगितलं नाही, एवढंच त्यांनी केलं."

वाढणारी माणसं थांबली. कोणीतरी पुटपुटलं, "जाव दे ताई, जुनी गोष्ट." तो तरुण पानाकडे बघत होता. मला बरं वाटत होतं. वाटलं, झालं एकदाचं. काका असते तर हसले असते.

काकू ओटीवर बसली होती, भिंतीला टेकून. तिनं मला हातानं जवळ बोलावलं. मी गेले, तिच्यापुढे खाली बसले. म्हटलं, "काकू, मला माफ कर."

"मना ठावं हाय, बाय," ती म्हणाली. "त्याच दिशी बोलले मना. हात भाजला त्याच दिशी."

"मग तू मला कधी काही बोलली का नाहीस?"

"त्यांनी सांगून ठेवलं व्हतं, तू न्हाय बोलाचं. तिचं ती सांगंल." तिनं माझा हात हातात घेतला, वरणासकट. "भिवंडीला जायचे ना तुज्या दुकानाला? आले घरी की मी इचारायची, बोलली का पोर? तं बोलायचे, न्हाय, आज कामात व्हती."